लाँड्रीचं पाणी गाळून परत वापरायचं आहे, मेम्ब्रेनचा अनुभव कुणाला आहे?

परीटघडी (धागाकर्ती) | ६ मार्च

नमस्कार मंडळी.

देवबागला आमची छोटी लाँड्री आहे. ज्यांनी गाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर घरं, माड, विहिरी आणि आता होमस्टे. त्या होमस्टेंच्या चादरी, अभ्रे, टॉवेल आमच्याकडे धुवायला येतात. सीझनला रोज २२० किलोच्या आसपास. मशीनं दोन, पंचवीस-पंचवीस किलोची. आम्ही २२ किलोच भरतो, म्हणजे दिवसाला दहा लोड. पंपाला मीटर लावून आठवडाभर मोजलं, तर रोजचं पाणी साडेतीन हजार लिटर निघालं.

हे सगळं पाणी आजवर परसातल्या शोषखड्ड्यात जात होतं. सासऱ्यांनी तो खड्डा खणला तेव्हा घरात धुण्याचा एक दगड होता, बस्स.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकींनी कुंपणावरून हाक मारली. "गो, बावीच्या पाण्याक फेस येता गो." मी गेले. त्यांनी माझ्यासमोर कळशी ओढली आणि उंचावरून घंगाळात ओतली. कडेने पांढरा फेस उभा राहिला. साध्या पाण्यालाही ओतताना बुडबुडे येतातच, पण ते लगेच फुटतात. हे फुटेनात. काकींनी बोटाने फेस एका बाजूला सारला आणि काही बोलल्या नाहीत. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या विहिरीचं पाणी मी प्यायले आहे. तो फेस पाहिल्यापासून रात्री झोप नीट लागत नाही.

एका विक्रेत्याने यूएफ आणि आरओ असं मेम्ब्रेनचं (पाणी गाळायच्या बारीक पडद्याचं) युनिट सुचवलंय. ९५ टक्के पाणी परत मिळेल म्हणतो. हे खरं आहे का? खरेदीआधी मी त्याला नेमकं काय विचारू? ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पाणी वाचवायचं आहेच, कारण एप्रिल उजाडला की आमची विहीर मचूळ होते आणि टँकर लागतो. पण त्याहून आधी काकींची विहीर नीट व्हायला हवी.

---

भातखाचर | ६ मार्च

अनुभव नाही, पण धागा वर ठेवतो. आमच्या दापोलीकडेही लाँड्र्या वाढल्यात आणि पाणी असंच जातं. काकींना सध्या प्यायला दुसरं पाणी आहे ना?

---

परीटघडी | ६ मार्च

हो. स्वयंपाकाचं आणि पिण्याचं पाणी आमच्या नळाचं नेऊन देते. त्या नको म्हणत होत्या, मीच हंडे भरून ठेवते.

---

गाळणी | ७ मार्च

परीटघडीताई, मी लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत सांडपाण्याच्या कामात बावीस वर्षं काढली, आता चिपळूणला असतो. तुम्ही मीटर लावून मोजलंत हे सगळ्यात चांगलं केलंत. बहुतेक लोक अंदाजाने सांगतात आणि मग युनिट एकतर लहान पडतं नाहीतर फुकट मोठं घेतलं जातं.

मेम्ब्रेन म्हणजे गाळणीच, फक्त भोकं फार बारीक. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. मायक्रोफिल्ट्रेशनची भोकं ०.१ मायक्रॉन ते काही मायक्रॉन, अल्ट्राफिल्ट्रेशन म्हणजे यूएफची ०.०१ ते ०.१. जिवाणू साधारण एका मायक्रॉनचे असतात, त्यामुळे ते यूएफमध्ये अडकतात. कापसाचे तंतू, मळ, तेलाचे थेंब हेही अडकतात. दाब फार लागत नाही, एक ते तीन बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा).

पण विरघळलेलं मीठ यूएफमधून सरळ निघून जातं. धुण्याचा सोडा, पावडरीतलं सोडियम सल्फेट, सगळं. साबणाचंही तसंच. त्याचे सुटे रेणू निघून जातात. साबण दाट असेल तर ते रेणू मळाभोवती गोळा होऊन गुठळ्या करतात आणि तेवढ्या अडकतात. म्हणून यूएफचं पाणी काचेसारखं दिसतं आणि बाटलीत हलवलं की तरीही थोडा फेस देतं. काकींच्या घंगाळातला फेस हाच. वाळूनेही तेच केलंय: मळ वर धरला आणि साबण खाली सोडला.

मीठ अडवायचं तर आरओ. त्याला दाब जास्त, आणि जे अडवलं ते दाट होऊन रिजेक्ट म्हणून बाहेर येतं. छोट्या युनिटमध्ये पाव ते तिसरा हिस्सा पाणी रिजेक्टमध्ये जाणं अगदी नेहमीचं. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा: रिजेक्ट किती, आणि ते मी कुठे सोडू? देवबागच्या वाळूत सोडलंत तर काकींच्या विहिरीत आज आहे त्याहून दाट पाणी जाईल.

आता मला सांगा, तुमच्या एका लोडमध्ये पाण्याचे टप्पे किती आणि प्रत्येकी किती लिटर? आणि सगळं एकाच गटारात जातं का?

---

सुरंगीचा_वळेसर | ७ मार्च

मी गणपतीपुळ्याकडच्या एका हॉटेलात हाऊसकीपिंग पाहते. आमच्याकडे पाणी परत वापरतात. ताई, तुम्हाला तीन गोष्टी सांगते, त्या कुठलाही विक्रेता सांगणार नाही.

मसाजचे टॉवेल वेगळे धुवा. खोबरेल तेल, उन्हासाठी लावायचं ते क्रीम, हे सगळं पाण्यावर तरंगतं आणि फिल्टरवर जाऊन बसतं. आमच्याकडे तसे टॉवेल वेगळ्या पिशवीत येतात आणि त्यांचं पाणी परत वापरायला घेतच नाही.

लाल मातीची चादर आधी नुसती झटका. पाहुणे कातळावरून फिरून येतात आणि तसेच गादीवर पडतात. जांभ्याची ती धूळ पाण्यात गेली की गाळ दुप्पट.

आणि सॉफ्टनर! आमचं पहिलं मेम्ब्रेन त्यानेच गेलं. कारण कळायलाच दोन महिने लागले.

---

परीटघडी | ७ मार्च

वळेसरताई, गाळणीदादा, दोघांचे आभार. सॉफ्टनर आम्ही शेवटच्या पाण्यात टाकतो, गुलाबी रंगाचं. ते कसं काय मेम्ब्रेन घालवतं?

टप्पे लिहिते. आधीची धुणी ६० लिटर, मुख्य धुणी ५० लिटर (कढत, सोड्यासकट), मग खळबळणं तीन वेळा, दर वेळी ८० लिटर. एका लोडला ३५० लिटर. आणि हो, सगळं एकाच गटारात.

---

गाळणी | ८ मार्च

आधी सॉफ्टनर. साबण पाण्यात ऋण भाराचा असतो, सॉफ्टनर धन भाराचा. आरओचं पॉलिअमाइड मेम्ब्रेनही पृष्ठभागावर ऋणच. त्यामुळे सॉफ्टनर त्याच्यावर जाऊन चिकटतो आणि धुऊन निघत नाही. यूएफवर निदान थोडंफार काढता येतं. शिवाय तो पाण्यातल्या साबणाबरोबर मिळून चिकट साका करतो. फेस मारायला सिलिकॉनचं औषध टाकतात, त्यानेही असंच होतं. पाणी परत वापरायचं असेल तर ही दोन्ही बंद.

टॉवेल कडक होतात ते कपड्यात सोडा राहतो म्हणून. शेवटच्या पाण्यात थोडं सायट्रिक आम्ल टाकून पाण्याचा पीएच साडेसहा-सातवर आणा. टॉवेल आपोआप मऊ होतात. जुन्या लाँड्रीवाल्यांची ही रीतच होती.

आता ३५० लिटरकडे बघा. त्यातले २४० लिटर म्हणजे खळबळण्याचं पाणी. दोन तृतीयांशाहून जास्त! तिसऱ्या खळबळण्याचं पाणी तर विहिरीच्या पाण्याच्या जवळपासच असतं. ते मेम्ब्रेनमधून काढायची गरजच नाही. टाकीत धरा आणि पुढच्या लोडच्या पहिल्या धुणीला वापरा. त्यासाठी एक टाकी, एक पंप आणि गटारावर एक तीनतोंडी व्हॉल्व्ह, एवढंच लागतं. हे आधी करा. मेम्ब्रेन मागाहून.

आता तुमच्या ९५ टक्क्यांचा हिशोब. समजा विहिरीच्या पाण्याचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) २०० आणि एका धुण्यात त्यात ४०० ची भर पडते. निम्मं पाणी यूएफने गाळून परत फिरवलंत तर मशीनमध्ये जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस ६०० वर जाऊन थांबतो. ८० टक्के फिरवलंत तर १८००. ९० टक्क्यांना ३८००. ९५ ला ७८००. समुद्राचं पाणी साधारण ३५,००० असतं, म्हणजे त्याच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त खारं. अशा पाण्यात साबण उतरत नाही, चादरी करड्या पडतात आणि मशीनचा ड्रम गंजतो. निम्म्यापासून पुढे प्रत्येक पावलाला मीठ किती झपाट्याने चढतं ते बघा. तुमच्यासारख्या धंद्याला ५०-५५ टक्के हे फार चांगलं उद्दिष्ट आहे, आणि ते आरओशिवाय गाठता येतं.

---

माडबागायत | ८ मार्च

वेंगुर्ल्याहून. माझ्याकडे घरच्या धुण्याचं पाणी बागेत जातं, तेव्हा तेवढ्यापुरतं लिहितो. माड सोसतो, तो खाऱ्या वाऱ्यातच वाढलेला आहे. पोफळ सोसत नाही, केळ तर अजिबात नाही, पानांच्या कडा करपतात. सोडियम साचलं की चिकणमातीत पाणी मुरायचं थांबतं. तुमच्याकडे वाळू, तिथे उलटं: मुरतं फार, थांबत नाही. त्यामुळे एकाच आळ्यात रोज सोडू नका, माड बदलत राहा. पालेभाजीला तर हे पाणी दाखवूच नका.

पावडरीऐवजी लिक्विड वापरून बघा. पावडरीत भर म्हणून मीठच जास्त असतं.

---

खाजण | ९ मार्च

धागा वाचून राहवलं नाही. मी भूजलाचा अभ्यास करते, आणि देवबागसारख्या पट्टीवर विहीर गोडी कशी राहते हे सांगितलं तर या विषयाचं वजन लक्षात येईल.

वाळूच्या पट्टीखाली समुद्राचं पाणी असतंच. पावसाचं गोडं पाणी हलकं, म्हणून त्यावर भिंगासारखं तरंगतं. घायबेन-हर्झबर्ग यांचा नियम सांगतो की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या एक फूट वर असेल तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी असतं. हे ऐकायला छान वाटतं, पण उलट बाजूने वाचा: उपसा करून पातळी एक फूट उतरवलीत, की खालचं खारं पाणी कालांतराने चाळीस फुटांपर्यंत वर सरकू शकतं. एप्रिलमध्ये तुमची विहीर मचूळ होते ती यामुळे. एवढा तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस पडूनही कोकणात मेमध्ये टँकर फिरतात. आमच्या नद्या लहान, उतार तीव्र, पाणी काही तासांत समुद्रात.

म्हणजे तुम्ही रोज उपसा निम्म्यावर आणलात तर दोन गोष्टी होतात. काकींच्या विहिरीकडे मुरणारं साबणाचं पाणी कमी होतं, आणि दोन्ही विहिरी मचूळ व्हायचा दिवस पुढे ढकलला जातो. मला तर हा दुसरा फायदा मोठा वाटतो.

मालवणात राहणाऱ्यांना हे नवं नाही म्हणा. सिंधुदुर्ग किल्ल्यात चहूकडून समुद्र असताना दूधबाव, दहीबाव, साखरबाव गोड्या आहेत. लहानपणी शाळेची सहल नेऊन दाखवतात, आपण "अरे वा" म्हणतो आणि घरी येऊन नळ उघडा टाकतो.

नियमाचंही सांगते. व्यवसायाचं सांडपाणी सोडायला १९७४ च्या जल कायद्याखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. ती घेतली नसेल तर आता घ्या. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधल्या सर्वसाधारण मर्यादांनुसार ओढा-नदीत सोडायच्या पाण्याचा बीओडी (सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू) ३० पर्यंत, सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा प्राणवायू) २५० पर्यंत, तरंगता गाळ १००, तेल-ग्रीस १० मिलिग्रॅम प्रति लिटर आणि पीएच ५.५ ते ९ हवा. शेतजमिनीवर सोडायचं तर बीओडी १०० पर्यंत चालतो, गाळ २००. मुख्य धुणीचं कढत पाणी पीएच १० च्या पुढे असतं, ते तसंच सोडलं की नियमाबाहेर गेलंच.

आणि तंतू. होमस्टेच्या चादरी बहुतेक पॉलीकॉटन. त्यातले पॉलिस्टरचे बारीक धागे पाण्यातून समुद्रात जातात. मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे, खाली प्रवाळ आहे. जे धागे तुमच्या गाळणीत अडकतील ते तिथे जाणार नाहीत.

---

परीटघडी | १० मार्च

खाजणताई, हे भिंगाचं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. काल रात्री घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. सासरे म्हणाले, "म्हणूनच आजोबा विहीर खोल खणू देत नसत."

आधी तीनतोंडी व्हॉल्व्ह आणि टाकी. मग पुढचं. इथे लिहीत राहीन.

---

दर्यावर्दी | ११ मार्च

जहाजावर इंजिनरूममध्ये नोकरी, रजेवर मालवणात. जहाजावर आम्ही समुद्राच्या पाण्यातून आरओने गोडं पाणी काढतो, ५५-६० बार दाबाने. तुमचं काम त्यापुढे सोपं आहे, पण नियम एकच: मेम्ब्रेन कधीही सुकू देऊ नका. पोकळ तंतूंचं यूएफ एकदा सुकलं की त्यातून पाणी जाईनासं होतं. पावसाळ्यात होमस्टे बंद म्हणजे तुमची लाँड्रीही बंद, आणि वीज दोन-दोन दिवस नसते. जूनमध्ये बंद करताना आधी साफ करून आत सोडियम मेटाबायसल्फाइटचं एक टक्का द्रावण भरून झाकण लावा, दर महिन्याला बदला. सीझन सुरू होताना पहिलं पाणी फेकून द्या.

दुसरं, वही ठेवा. दाब आत किती, बाहेर किती, दिवसाला दोनदा. मेम्ब्रेन बिघडण्याआधी आठवडाभर वहीत दिसतं.

---

परीटघडी | २ एप्रिल

मंडळी, इतक्या दिवसांनी लिहितेय. सांगायचं खूप आहे.

पहिला टप्पा झाला. शेवटच्या खळबळण्याचं रोजचं ८०० लिटर पाणी आता एका काळ्या टाकीत येतं. त्यातलं ६०० पहिल्या धुणीला, २०० मुख्य धुणीला. एवढ्यानेच ३५०० चे २७०० झाले, मेम्ब्रेन न आणता. सॉफ्टनर बंद. सायट्रिक आम्ल सुरू. पहिल्या आठवड्यात दोन होमस्टेवाल्यांनी टॉवेल कडक आहेत म्हणून परत पाठवले, कारण मी आम्ल बेताचंच टाकत होते. पीएचच्या पट्टीने मोजून टाकायला लागल्यापासून तक्रार नाही.

दुसरा टप्पा यूएफ. विक्रेता बदलला. गाळणीदादांचे प्रश्न विचारल्यावर पहिल्याने फोनच उचलला नाही. नव्याने पंधरा दिवसांसाठी छोटं युनिट भाड्याने लावून दिलं. पहिल्या आणि दुसऱ्या खळबळण्याचं पाणी त्यात जातं, रोज १६०० लिटर. आधी तंतूंची जाळी, मग टाकी, मग वाळूचा फिल्टर, मग ५० मायक्रॉनची पिशवी, मग मेम्ब्रेन. कढत पाणी त्यात जातच नाही.

पहिले पाच दिवस दाबाचा काटा ०.४ बारवर. मग तीन दिवसांत १.५. बाहेर येणारी धार करंगळीएवढी झाली. दर अर्ध्या तासाला उलटं पाणी मारणं (मेम्ब्रेनमधून उलट दिशेने पाणी सोडून ते धुणं) चालूच होतं, तरी फरक पडेना. आधीची पिशवी उघडली. आत करडा, दाट लोण्यासारखा थर, बोटावर घेतला तर भेंडी चिरल्यासारखा बुळबुळीत. वास घेतला. गुलाबाचा.

मदतीला येणाऱ्या मुलीने सवयीने सॉफ्टनर टाकला होता. बाटली कपाटात तशीच होती. तिची चूक नाही, मी बाटली उचलायला हवी होती.

दादा, आता काय करू?

---

गाळणी | २ एप्रिल

घाबरू नका, यूएफ आहे, आरओ असतं तर मीही काळजीत पडलो असतो. क्रम सांभाळा. आधी नुसत्या पाण्याने उलटं मारा. मग कॉस्टिक सोड्याचं कोमट द्रावण, पीएच साडेअकराच्या आसपास, तासभर आत फिरवा. कोमट म्हणजे ३५ अंश. धुवा. मग सायट्रिक आम्ल, पीएच दोनच्या वर, अर्धा तास. परत धुवा. आम्ल आणि क्लोरीनचं पाणी कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू निघतो. हातमोजे आणि चष्मा घालूनच. युनिट देणाऱ्यालाही त्याच्या मेम्ब्रेनची मर्यादा विचारून घ्या, पीव्हीडीएफचं (एक चिवट प्लॅस्टिक) असेल तर हे सोसेल.

---

परीटघडी | ५ एप्रिल

सोसलं. काटा ०.५ वर आला. पूर्वीचा ०.४ काही परत मिळाला नाही.

सॉफ्टनरचे सगळे कॅन परत दिले. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, त्या मुलीनेच लिहिलं, तिचं अक्षर सुंदर आहे.

---

सुरंगीचा_वळेसर | ५ एप्रिल

ताई, बरं वाटलं वाचून. गाळलेलं पाणी टाकीत किती वेळ ठेवता? आमच्याकडे रात्रभर ठेवलं तर सकाळी कुबट वास यायचा.

---

गाळणी | ६ एप्रिल

वळेसरताईंचा मुद्दा महत्त्वाचा. यूएफमधून जिवाणू अडले तरी टाकीत झाकणातून, पाइपातून परत शिरतात, आणि पाण्यात त्यांच्या खाण्याचं थोडं असतंच. टाकीत अर्धा ते एक पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) क्लोरीन राहील एवढं ठेवा. पीव्हीडीएफला चालतं. पुढे कधी आरओ लावलंत तर त्याच्या आधी क्लोरीन काढावंच लागेल, पॉलिअमाइड क्लोरीनने सडतं. आणि परत वापरायच्या पाण्याचे पाइप वेगळ्या रंगाचे करा. नळाच्या पाण्याशी कुठेही जोड नको, व्हॉल्व्ह लावूनसुद्धा नको. घरात लहान मुलं असतात.

---

भातखाचर | ६ एप्रिल

एक भाबडा प्रश्न. शंभर चौरस मीटरच्या छपरावर तीन मीटर पाऊस म्हणजे तीन लाख लिटर. तेच साठवलं तर हे सगळं कशाला?

---

परीटघडी | ७ एप्रिल

भातखाचरदादा, प्रश्न भाबडा नाही, आम्ही घरात यावर तासभर बोललो. पण आमच्याकडे पाऊस आणि पाहुणे एका वेळी येत नाहीत. पाऊस जूनला, धंदा दिवाळीनंतर. तीन लाख लिटर सहा महिने ठेवायची टाकी या वाळूत कुठे बांधू? छपराचं पाणी मात्र या जूनपासून गाळून दोन्ही विहिरींच्या बाजूला मुरवणार आहोत. खाजणताईंचं भिंग जाड व्हावं म्हणून.

---

माडबागायत | ७ एप्रिल

उत्तम. आता उरलेल्या पाण्याचं काय केलंत? पहिल्या धुणीचं आणि मुख्य धुणीचं?

---

परीटघडी | १९ एप्रिल

आज सगळा हिशोब मांडते. युनिट विकत घेतलं.

यूएफमधून रोज १४०० लिटर मिळतं. ३०० मुख्य धुणीला, ८०० पहिल्या खळबळण्याला, उरलेलं फरशी आणि संडासाला. विहिरीचं पाणी फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या खळबळण्याला, म्हणजे १६०० लिटर. साडेतीन हजारावरून सोळाशे. एप्रिलचा तिसरा आठवडा आहे आणि अजून टँकर मागवलेला नाही.

मशीनमध्ये जाणाऱ्या परतीच्या पाण्याचा टीडीएस ४०० ते ५०० राहतो. खळबळण्याचंच पाणी घेतल्यामुळे दादांच्या हिशोबापेक्षा कमीच आला. चादरी पांढऱ्या आहेत. मध्ये काही पिवळट आल्या, ते विहिरीतलं लोह ब्लीचमुळे कपड्यावर बसलं होतं, गाळण्याचा दोष नव्हता. ब्लीचचं प्रमाण उतरवलं.

पहिल्या आणि मुख्य धुणीचं दाट पाणी रोज ११०० लिटर. ते आणि यूएफचं उलटं मारलेलं पाणी बंद टाकीत जातं. रात्रभर थंड होतं, सकाळी आम्लाने पीएच आठवर आणतो, तुरटीने गाळ बसवतो, मग खाली ताडपत्री घातलेल्या कर्दळीच्या वाफ्यातून काढून माडांना. सोळा माड आहेत, रोज चार. सगळे काकींच्या विहिरीच्या उलट्या अंगाला. शोषखड्डा बुजवला. बुजवताना तळाची वाळू काळी आणि साबणासारखी निसरडी झालेली दिसली, हातात घेऊन पाहिली. एवढी वर्षं ती तिथे होती. ती वाळू काढून टाकली.

मंडळाच्या संमतीसाठी अर्ज केला आहे, नमुना तपासायला दिलाय.

---

खाजण | २० एप्रिल

ताडपत्री घातलीत हे फार छान. त्याशिवाय कर्दळीचा वाफा म्हणजे दुसरा शोषखड्डाच झाला असता. काकींच्या विहिरीचं पाणी ग्रामपंचायतीच्या तपासणी किटवर आणि प्रयोगशाळेत दोन्हीकडे तपासा. फेस गेला म्हणजे पाणी पिण्याजोगं झालं असं धरू नका. एक पावसाळा जाऊ दे.

---

परीटघडी | २० एप्रिल

हो ताई. पाऊस सरेपर्यंत काकींचे हंडे मीच भरणार आहे, तसं त्यांना सांगितलंय.

दर सोमवारी त्यांच्या विहिरीचं पाणी एका बाटलीत अर्धं भरते, वीस वेळा हलवते आणि खिडकीत ठेवते. पाच मिनिटांनी फेस मोजते. मार्चमध्ये दोन बोटं होता. आज अर्धं बोट. काकी पण बघायला येतात, पदर खोचून खिडकीशी उभ्या राहतात. आज म्हणाल्या, "गो, कमी झालो मां?"

---

गाळणी | २१ एप्रिल

झाला. बाटली दर वेळी तीच वापरा. आणि वहीत भरती-ओहोटीची वेळही लिहीत जा, तुमच्याकडे विहिरीची पातळी भरतीबरोबर हलत असणार.